लाईट गेली की नेट का जातं? आधी मिनिटं मोजा

पावसाळ्याच्या तोंडाशी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एकाच आठवड्यात तिघांनी मला एकच तक्रार सांगितली. वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, आणि खाली रस्त्याला लागून दवाखाना असलेले डॉक्टर. तिघांचं वाक्य जवळपास तेच: "घरात बॅकअप आहे, तरी लाईट गेली की नेट जातं." तिघांनीही ऑपरेटरला फोन लावला होता आणि तिघांनाही "राऊटर एकदा बंद-चालू करून बघा" असं सांगण्यात आलं होतं.

आजार मात्र तिघांचा वेगवेगळा निघाला. काकूंचं नेट लाईट गेल्या क्षणी जायचं आणि चार-पाच मिनिटांत आपोआप परत यायचं. मुलाचं पाच-सात मिनिटं नीट चालायचं, मग त्याचा यूपीएसच गप्प व्हायचा. डॉक्टरांचं जवळजवळ पंचवीस मिनिटं चालायचं आणि मग राऊटर चालू, वायफाय चालू, पण नेट नाही.

म्हणून आता कुणी ही तक्रार घेऊन आलं की मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावतो. लाईट किती वाजता गेली, नेट किती वाजता गेलं, त्या वेळी डब्यावरचा कोणता दिवा कसा होता, नेट कधी परत आलं. अशा तीन-चार खेपांच्या नोंदी हातात असल्या की अर्धं काम होतं.

पूर्वी असं का व्हायचं नाही

माझी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. दोन व्होल्टचे चोवीस सेल एका ओळीत, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. फ्लोटवर, म्हणजे चार्जर जोडून भरलेली बॅटरी तशीच भरलेली ठेवलेली असताना, मीटर चौपन्नच्या आसपास दाखवायचा. रोज हायड्रोमीटर बुडवून एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, वहीत लिहायची, टर्मिनल पुसायचे, व्हॅसलीन लावायचं, डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. शहराचा सप्लाय गेला की बॅटरी त्याच क्षणी भार उचलायची, थोड्या वेळात जनरेटरचं इंजिन सुरू व्हायचं, आणि गावात कुणाला पत्ताही लागायचा नाही. कारण घरातल्या काळ्या फोनला स्वतःची वीज लागतच नव्हती. आवाज ज्या तांब्याच्या दोन तारांतून यायचा, त्याच तारांतून एक्स्चेंजच्या बॅटरीची वीजही यायची. त्या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असायचं, कारण जमिनीखालचं तांबं ओलाव्याने झिजू नये. इतका विचार त्या रचनेत होता.

आता घरात येते ती फायबर, म्हणजे काच. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. त्यामुळे घरापासून ऑपरेटरपर्यंत आणि त्याच्याही पुढे जितके डबे आहेत, त्या प्रत्येकाने आपापली वीज आपापल्या जागी मिळवायची. तुमच्या घरातला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी. बऱ्याच घरांत त्याच्या शेजारी वेगळा वायफाय राऊटर. काही जुन्या इमारतींत जिन्यात किंवा गच्चीवर एक स्विच, जिथून निळी-करडी लॅन केबल घरोघरी जाते. मग ऑपरेटरच्या खोलीतलं मोठं मशीन, ओएलटी. त्याच्या पुढे वरच्या कंपनीचं जाळं. मध्ये खांबावर जो छोटा स्प्लिटर असतो त्याला वीज लागत नाही, तो फक्त एका फायबरमधला उजेड बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतो. बाकी सगळ्यांना लागते. यातला एक जरी मेला तरी तुमच्या घरातला दोन दिवस चालणारा इन्व्हर्टर काही कामाचा नाही.

दोष घरात की बाहेर, हे अर्ध्या तासात कळतं

लाईट जाण्याची वाट बघू नका. गल्लीत वीज असतानाच आपल्या घराचा मेन एमसीबी, म्हणजे मुख्य स्विच, खाली करा, म्हणजे इन्व्हर्टरला येणारा सप्लायही बंद होईल. घरात अंधार, बाहेर सगळं चालू. आता नेट बघा. गेलं, तर दोष तुमच्या घरातच आहे. टिकलं, तर घर निर्दोष आहे आणि खऱ्या कपातीत जे मरतं ते बाहेर कुठेतरी आहे. ही चाचणी अर्धा तास चालू ठेवा. पाच मिनिटांत आटोपली तर त्या इंजिनिअरिंगच्या मुलासारखी केस नजरेतून सुटते.

एवढी साधी गोष्ट ऑपरेटरचा माणूस सहसा सांगत नाही. खरं तर फोनवर त्याने हीच पहिली सांगायला हवी, म्हणजे दोघांच्याही फेऱ्या वाचतील.

मेन खाली करण्याआधी एकदा सॉकेटही तपासा. ओएनटी आणि राऊटर वेगळे असतील तर दोन्ही बॅकअपवर आहेत का? फायबर लावणारा माणूस ओएनटी टीव्हीच्या मागे जो सॉकेट मोकळा दिसेल त्यात लावून जातो, आणि तो सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर नसतो. वायफायचं चिन्ह फोनवर पूर्ण दिसतं म्हणून माणूस समजतो की घरातलं सगळं ठीक आहे. वायफाय म्हणजे फक्त फोन ते राऊटर एवढाच रस्ता. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा हेच निघतं.

लाईट गेल्या क्षणीच जातं आणि पाच मिनिटांत येतं

हे काकूंचं. राऊटर इन्व्हर्टरवर होता, बॅटरी उत्तम होती, पाणी वेळच्या वेळी घातलेलं. गडबड होती बदलाच्या त्या निमिषात. वीज गेली की इन्व्हर्टर आतला रिले पलटवतो आणि बॅटरीवर येतो. इन्व्हर्टरच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला बहुतेक एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल, इको किंवा वाइड असं काहीतरी. यूपीएसवर असेल तर बदलाला साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. दुसऱ्या बाजूला असेल तर चाळीसपर्यंत जातात. पंख्याला आणि ट्यूबलाईटला हा फरक कळत नाही. राऊटरला कळतो. त्याच्या अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, नवा असेपर्यंत ती खिंड ओलांडतो. तीन-चार वर्षं तापून तापून तो सुकला की राऊटर झटका खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सुरू होणं, फायबरवर नोंदणी, मग ऑपरेटरकडे लॉगिन, यात मिनिटं जातात. वीज परत येताना पुन्हा तोच झटका. दिवसातून चार वेळा लाईट गेली तर आठ वेळा नेट तुटलं.

काकूंचं बटण इकोवर होतं. यूपीएसवर केलं आणि अ‍ॅडॅप्टर बदलला. तेवढ्यावर काम झालं. अ‍ॅडॅप्टर बदलताना जुन्यावरचे आकडे वाचून तसाच घ्यायचा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

यूपीएस मोडची एक बाजू आधीच सांगून ठेवतो: तुमच्याकडे व्होल्टेज वारंवार एकशेऐंशीच्या खाली जात असेल, तर या मोडमध्ये इन्व्हर्टर तेवढ्यानेही बॅटरीवर येतो आणि बॅटरी नकळत खाली होत राहते. अशा घरात इन्व्हर्टर आहे तसाच ठेवावा आणि राऊटरपुरता वेगळा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे अ‍ॅडॅप्टरऐवजी थेट राऊटरच्या पिनला वीज देणारा बॅटरीचा डबा, घ्यावा.

पाच-सात मिनिटांनी बॅकअपच बंद पडतो

मुलाचा यूपीएस कॉम्प्युटरचा, सहाशे व्हीएचा. आत बारा व्होल्ट सात एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी, म्हणजे चौऱ्याऐंशी वॅट-तास. ओएनटी-राऊटर मिळून खातात दहा-पंधरा वॅट. यूपीएस स्वतः खातो ते धरूनही दीड-दोन तास चालायला हवं होतं. त्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून बॅटरी बदलली, तरी तेच. तो बिचारा दुसरी बॅटरी घ्यायला निघाला होता.

मी त्याला यूपीएसच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये साठ वॅटचा जुना बल्ब लावायला सांगितला. भार वाढवला आणि यूपीएस जास्त वेळ चालला! कारण असं की अनेक यूपीएसमध्ये बॅटरी वाचवण्याची एक सोय असते: भार फारच कमी दिसला तर त्याला वाटतं की कॉम्प्युटर बंद झालाय, आणि तो काही मिनिटांनी स्वतःला बंद करतो. राऊटरचा दहा वॅटचा भार त्याच्या लेखी शून्यच. काही मॉडेलमध्ये ही सोय बटण दाबून काढता येते, माहितीपुस्तिकेत बघा. ज्यात येत नाही, त्यावर एकटा राऊटर ठेवण्यात अर्थ नाही. पॉवर बँकवरून व्होल्ट वाढवणाऱ्या बूस्टर केबलने राऊटर चालवणाऱ्यांनाही कधी कधी हीच अडचण येते.

बल्ब लावूनही यूपीएस तितक्याच किंवा कमी वेळात बसला, तर मात्र बॅटरी गेली असं समजा. या लहान सीलबंद बॅटऱ्यांवरचं आयुष्य पंचवीस अंश तापमानाला धरलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशाला ते साधारण निम्मं होतं. बडोद्याचा मे महिना, त्यात टेबलाखाली भिंतीला चिकटून ठेवलेला बंद डबा. दोन-तीन वर्षांत ती संपली तर बॅटरी बनवणाऱ्याला दोष देता येणार नाही.

छोटा डीसी यूपीएस घेताना

राऊटरसाठी मला हाच पर्याय सर्वांत आवडतो. वीज एसीत बदलायची आणि पुन्हा डीसीत आणायची ही कसरतच नाही, आणि बदलाचा झटकाही नाही. पण घेताना तीन गोष्टींत लोक फसतात.

पहिली, वर छापलेला आकडा. "१०,४०० एमएएच" वाचून माणूस बाराने गुणतो आणि सव्वाशे वॅट-तास समजतो. आत असतात २,६०० एमएएचचे चार सेल, प्रत्येक ३.७ व्होल्टचा. म्हणजे साडेअडतीस वॅट-तास. त्यातले बत्तीसएक प्रत्यक्षात हाती लागतात. दहा वॅटच्या डब्याला तीन तास. तीन तास पुष्कळ आहेत, पण बारा तास समजून घेतलं असेल तर फसवल्यासारखं वाटतं. ओएनटी आणि राऊटर दोन्ही त्यावर असतील तर तास निम्मे.

दुसरी, व्होल्ट. राऊटर बारा व्होल्टचे असतात, नऊचे असतात, पाचचेही असतात. माझ्या एका भाच्याने नऊच्या राऊटरला बाराची पिन लावली. एक दिवस चालला, दुसऱ्या दिवशी कायमचा गेला. तिसरी, पिन. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक २.१ मिलिमीटरचं असतं किंवा २.५ चं. चुकीची घातली तर ती बसते, दिवाही लागतो, पण हलकासा धक्का लागला की संपर्क तुटतो, आणि मग महिनाभर माणूस नेटवाल्याशी भांडत बसतो.

घरच्या मोठ्या इन्व्हर्टरबद्दल एवढंच: साध्या छताच्या पंख्याला पंचाहत्तर वॅट लागतात, म्हणजे सात राऊटरचं जेवण. कपात लांबणार असं दिसलं की आधी जास्तीचे पंखे बंद करा. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी चालत नाही, त्यातही क्षार उरतात. टर्मिनलवर पांढरं-हिरवं धरलं असेल तर ते काढल्याशिवाय नवीन बॅटरीचा विचारसुद्धा करू नका.

वीस-तीस मिनिटांनी जातं आणि दिवा लाल होतो

आता डॉक्टर. इथे ओएनटीवरचे दिवे वाचता यायला हवेत. पॉन (PON) लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर तुमचा डबा ऑपरेटरच्या ओएलटीशी बोलतोय. लॉस (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला तर फायबरमधून उजेडच येत नाही. वीज असताना लॉस लाल झाला तर बहुधा फायबर तुटली आहे. पण दर वेळी लाईट गेल्यावर ठरावीक मिनिटांनी लाल होत असेल आणि लाईट आल्यावर आपोआप जात असेल, तर पलीकडे ओएलटी विजेअभावी मरतोय. तुटलेली फायबर लाईट आली म्हणून जुळत नाही. पॉन हिरवा, इंटरनेट लिहिलेला दिवा बंद, असं असेल तर ओएलटी जिवंत आहे आणि त्याच्या पुढचं काहीतरी गेलंय. आणि तुमच्याकडे फायबर नसून लॅन केबल येत असेल, तर राऊटरवरचा वॅन (WAN) दिवा बघा. तो विझला म्हणजे जिन्यातला स्विच मेला.

डॉक्टरांच्या चार नोंदी होत्या: २४, २६, २५, २३ मिनिटं. दर वेळी पंचविसाच्या आसपासच. बॅटरी रूममध्ये काम केलेल्याला हे वाचून पुढचं काही विचारावं लागत नाही.

त्या भागाचा ऑपरेटर म्हणजे आमच्यातलाच एक भाऊ, दोनशे-अडीचशे घरं सांभाळतो. मी कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, बॅटरी आहे ना, बघा, फुल दाखवते." खरंच दाखवत होती. मीटर लावला तर एकेका बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट. पण ते चार्जरचे व्होल्ट होते. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीही साडेतेरा दाखवते, रोग्याला दोन बाजूंनी धरून उभं करावं तसं. मी मेन बंद करायला लावला आणि ओएलटीचा भार असताना दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एक १२.३ वर टिकून राहिली. दुसरी दहाव्या मिनिटाला साडेअकरावर आणि विसाव्याला अकराच्या खाली. दोन बॅटऱ्या एका ओळीत जोडल्या की जोडी अशक्त बॅटरीएवढीच चालते. एकत्र मोजलं असतं तर हे दिसलंच नसतं.

खोली तळमजल्याची, खिडकी बंद, बॅटऱ्या ओएलटीच्या गरम हवेच्या झोतात. पाच वर्षांत कुणी एकदाही भारावर चाचणी घेतलेली नव्हती. त्याचा हेतू वाईट नव्हता. "बॅटरी आहे" आणि "बॅटरी धरते" यातला फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता. आम्हाला तो शिकवला गेला, कारण आमच्याकडे ठरावीक काळाने सेलचा संच प्रत्यक्ष भारावर रिकामा करून बघायचा नियम होता. हा नियम आजच्या छोट्या ऑपरेटरांकडे का नाही, याची मला मनापासून चिंता वाटते. एका गल्लीचा दवाखाना, एका मुलीची ऑनलाईन परीक्षा, एका म्हाताऱ्या जोडप्याचा एकमेव फोन त्या खोलीतल्या दोन बॅटऱ्यांवर उभा आहे.

त्याने दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. एकच बदलू नका, जुनी नवीला ओढून खाली आणते. बारा व्होल्ट दीडशे एएचच्या दोन, म्हणजे ३,६०० वॅट-तास. साठ टक्केच वापरायच्या ठरवल्या तरी शंभर वॅटच्या भाराला वीसएक तास मिळतात. खिडकी उघडली, बॅटऱ्या झोतातून बाजूला घेतल्या. दर तीन महिन्यांनी मेन बंद करून दोन तास चालवायचं आणि शेवटचे व्होल्ट बॅटरीवरच मार्करने तारखेसह लिहायचे, असं ठरलं.

जिन्यातल्या स्विचचं काम याहून सोपं असतं, पण तिथे वेगळाच घोळ निघतो: त्याची वीज कुणाच्या मीटरवरून येते हे कुणालाच माहीत नसतं. शहरातल्या वारशियाकडच्या एका इमारतीत लाईट न जाताही रोज रात्री साडेनऊला नेट जायचं आणि सकाळी दहाला यायचं. स्विचचा अ‍ॅडॅप्टर खालच्या दुकानाच्या बोर्डावर होता, आणि दुकानदार घरी जाताना मेन बंद करायचा. त्याचं चुकलं नव्हतं, कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून पॉइंट घेतला आणि सव्वीस एएचची एक बॅटरी चार्जरसकट वर बसवली. पंधरा वॅटच्या स्विचला ती रात्रभर पुरते. खर्च वाटून घेतला तर प्रत्येक घराच्या वाट्याला एका जेवणाएवढे पैसे येतात.

वीज कंपनी दुरुस्तीसाठी आधी कळवून सप्लाय बंद ठेवते, तो दिवस वाया घालवू नका. गल्लीतल्या चार-पाच घरांनी त्या दिवशी आपापला लॉस किती वाजता लाल झाला ते लिहून ठेवलं, तर कुणाचा ऑपरेटर किती टिकतो हे एका दुपारी कळतं. आणि असा कागद समोर ठेवला की ऑपरेटरही ऐकतो.

काही तासांनी मोबाईलही जातो

नेट गेलं की सगळे मोबाईल डेटावर येतात, आणि टॉवरवर गर्दी होते. टॉवरही शेवटी अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीवरच चालतो, आमच्या एक्स्चेंजसारखा. बऱ्याच मोठ्या टॉवरखाली डिझेलचं जनरेटर असतं. दाट वस्तीतल्या गच्चीवरच्या टॉवरला ते बहुधा नसतं, तिथे बॅटरी संपली की संपलं.

लोक म्हणतात, दोन कंपन्यांची सिम ठेवा. ठेवा, पण आपल्या देशात टॉवर भाड्याने वाटून घेतले जातात. दोन कंपन्यांचे अँटेना एकाच लोखंडावर, एकाच बॅटरीवर असू शकतात. दोन्ही सिमचं नेटवर्क एकाच मिनिटाला जात असेल, तर तेच झालंय असं समजा. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या पोर्टलवर आपल्या आसपासचे टॉवर आणि त्यांवर कोणाकोणाची सेवा आहे ते बघता येतं. तिसरं सिम निवडताना ते बघून निवडा.

मोठ्या आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरू देण्याचा आदेश काढतं. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी आपल्या गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत तसं केलं होतं. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा आणि यादीतून दुसरं हाताने निवडून बघा. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच एकदा करून दाखवा.

पुराचे दिवस

ऑगस्ट २०२४. जन्माष्टमीचे दिवस. विश्वामित्री नदीचं पाणी धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांच्या वर गेलं. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता, तेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी वीज मुद्दाम बंद करावी लागते. पाण्यात उभ्या ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय चालू ठेवणं म्हणजे माणसं मारणं. म्हणजे ही कपात तासांची नसते, दिवसांची असते.

बडोद्यातच अकोट्याला माझी मावशी राहते, वय चौऱ्याऐंशी. तिचा इन्व्हर्टर तळमजल्यावर जमिनीला टेकून होता. बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि पाण्याखाली गेली. तिचा फोन संध्याकाळपर्यंत लागत होता, मग लागेना. दोन दिवस आम्हाला ती कशी आहे हे कळलं नाही. ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहरात ५ डिसेंबर २०१५ ला हेच घडलं. नदीचं पाणी वीज उपकेंद्रात शिरलं, साठ हजारांवर घरं अंधारात गेली, मोबाईल आणि इंटरनेट दोन्ही बसलं. ज्यांच्या घरी तांब्याच्या तारेवरचा, वीज न लागणारा जुना फोन होता, त्यांचाच चालला. आता तिथेही तांबं काढून काच येते आहे, आणि तिथल्या नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं की लाईट गेली तरी मोबाईलचा आधार नसलेल्या ग्राहकाला निदान एक तास आपत्कालीन फोन करता आला पाहिजे. अमेरिकेत घरगुती फोनसाठी कंपनीने आठ तासांच्या बॅकअपचा पर्याय ग्राहकापुढे ठेवायचा नियम २०१५ मध्ये झाला, पुढे २०१९ पासून चोवीस तासांचाही; तो २०२५ पर्यंत होता. कॅलिफोर्नियाने वणव्याच्या भागातल्या मोबाईल नेटवर्कला बहात्तर तास मागितले. पूर येणाऱ्या आपल्या शहरांनीही तास ठरवून मागायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

तोवर घरापुरतं एवढं करता येतं. मावशीकडे आता इन्व्हर्टर आणि बॅटरी पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळ हवा लागेल अशा लोखंडी स्टँडवर आहे. तळमजल्यावरून वर नेताना वायर लांबली म्हणून बॅटरी-इन्व्हर्टरमधली वायर वाढवू नका, तिथे प्रवाह मोठा असतो. दोन्ही एकत्रच हलवा. ओएनटीच्या फोन लिहिलेल्या पोर्टला तिचा जुना तारेचा साधा फोन लावलाय. कॉर्डलेस लावला तर त्याच्या तळाला पुन्हा वेगळी वीज लागते. रात्री पाणी वाढतंय असं दिसलं की ओएनटी सोडून घरातलं बाकी सगळं बंद करायचं, असा कागद इन्व्हर्टरवर चिकटवलाय. घरात पाणी आलं असेल तर इन्व्हर्टरला, सॉकेटला, कशालाच हात लावायचा नाही, हे त्याच कागदावर लाल अक्षरांत. आणि तिच्या ऑपरेटरची खोली तळमजल्यावर होती. सोसायटीतल्या लोकांनी तीनदा जाऊन सांगितल्यावर त्याने ओएलटी वरच्या मजल्यावर नेला.

आमच्या गल्लीत एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काकूंची दोन्ही सिम लाईट गेल्यावर साधारण चौथ्या तासाला एकाच मिनिटात जातात. तिसऱ्या कंपनीचं सिम त्यांनी गेल्या महिन्यात घेतलं. ते दुसऱ्या टॉवरवर आहे असं पोर्टलवर दिसतंय, पण चार तासांची कपात त्यानंतर झालेली नाही. झाली की काकू वेळ लिहून ठेवणार आहेत.